तीन वेढ्यांचं मडकं

आर्तेमोनास, सिफ्नोस
१२ एप्रिल २००५

प्रिय झांबेता आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला गावभर ऐकू जाईल असं ओरडता येत नाही, म्हणून पत्रच बरं. मी पोचलो. कुलूप तोडावं लागलं. किल्ली तुझ्याकडे मेलबर्नला, आणि 'खुशाल तोड' असं तूच लिहिलं होतंस, तेव्हा मनाला लावून घेतलं नाही. लोहार म्हणाला, एक्केचाळीस वर्षांत या कुलपाला वाऱ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. आता नवीन कुलूप घातलंय.

घर तसं धडधाकट आहे. वरच्या खोलीचं एक तुळवट बदलावं लागेल. अंगणातल्या अंजिरानं मात्र कमाल केली, भिंत फोडून शेजाऱ्याच्या गच्चीवर पाय पसरलेत. शेजारी तक्रार करत नाही, कारण अंजिरं तोच खातो.

आता मुद्द्याचं बोलतो. पिरेयसला मी ज्या छापखान्यात होतो तो बंद पडला, हे तुला ठाऊक आहे. बाबा गेल्यापासून तिथं माझं असं कुणी उरलेलं नाही. पण तेहतिसाव्या वर्षी आयत्या बिळावर नागोबा होऊन तुझ्या घरात बसायला मी आलो नाही. मी पाहुण्यांना बेट दाखवणार आहे. बसमध्ये चाळीस माणसं कोंबून, छत्री वर धरून पळवायचं तसं नाही. एका वेळी दोघं-चौघं, माझी जुनी गाडी आणि मधेमधे खाणं. कास्त्रोच्या गल्ल्या, पवनचक्क्या, कुंभारांच्या भट्ट्या, समुद्रातल्या खडकावरचं चर्च, अशी नऊ ठिकाणं एका दिवसात. बंदरावर पाटी लावलीय: 'सीमोसबरोबर आरामात'.

अथेन्सचा दंतवैद्य घर मागतोय आणि त्याला एक ऑक्टोबरला उत्तर द्यायचंय, असं तू कळवलं होतंस. आत्या, तोवर त्याला हो म्हणू नकोस. हा एक उन्हाळा मला दे. मला इथं राहायचंय. पिरेयसला मला रात्री झोप लागत नव्हती, इथं दुपारीसुद्धा लागते.

एक गोष्ट विचारायची राहिली. कालित्सा आत्या दोन दारं सोडून राहते. 'आत्या, मी तुझ्या भावाचा सीमोस' म्हणून हाक मारली, तर तिनं खिडकीच लावून घेतली. तुम्हा बहिणींचं काय बिनसलं ते बाबांनी कधी सांगितलं नाही. तूही नको सांगूस, पण तिच्याशी वागायचं कसं तेवढं लिही.

तुझा,
सीमोस

•

मेलबर्न
२७ एप्रिल २००५

सीमोस बाळा,

'आरामात' हा काय धंदा झाला? माझे वडील आरामात बसणारा माणूस दिसला की शिव्या घालायचे, आणि त्यांच्या नातवानं त्याची पाटी लावली. तीही भर बंदरावर!

आणि नऊ ठिकाणं? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? सिफ्नोसवर नऊ दारांवरून जायचं म्हणजे नऊ कॉफ्या, नऊ बश्या बदामाची मिठाई आणि नऊ वेळा 'एवढ्यात कुठं निघालात'. तुझे पाहुणे तिसऱ्या दाराशीच आडवे होतील. तीन ठिकाणं ठेव. माणसाला दाखवू नये, बसवावं. बसलं की त्याचं त्यालाच दिसतं.

घर ऑक्टोबरपर्यंत तुझं. तोवर तू स्वतःच्या पायावर उभा राहिलास तर दंतवैद्याला नाही म्हणेन. नाही राहिलास तर विकेन, आणि मग रडायचं नाही. मी त्रेसष्ट वर्षांची झाले. बंद घर जगाच्या दुसऱ्या टोकावरून सांभाळायचा मला कंटाळा आलाय. तिथं माझी वाट बघणारंही कुणी नाही.

कालित्साशी कसं वागायचं म्हणतोस? वागायचंच नाही. बोलणं तिनं टाकलं, मी नाही. धाकटी असून एवढा ताठा. तू तिच्या खिडकीकडे बघू नकोस म्हणजे झालं.

अंजिरं शेजाऱ्याला फुकट का देतोस? निदान त्याच्याकडून चीज घे.

झांबेता आत्या

•

आर्तेमोनास
२० मे २००५

प्रिय आत्या,

तू तिथं बसून सगळं बघतेस की काय? पहिले पाहुणे आले, हॉलंडचं जोडपं. त्यांच्याकडे नऊ ठिकाणांची छापील यादी होती, मीच दिलेली. पहिल्या ठिकाणी कुंभाराच्या बायकोनं कॉफी दिली. दुसरीकडे एका म्हातारीनं पाहुण्यांचे गाल चाचपून 'ही माणसं उपाशी आहेत' असा निकाल दिला आणि आमलेट टाकलं. तिसऱ्या ठिकाणी पाद्रीबाबांचा नामदिवस, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण निघाला. दुपारी चार वाजता हॉलंडचे गृहस्थ चर्चच्या कट्ट्यावर घोरत होते आणि बाई पाद्रीबाबांच्या बहिणीकडून लोकरीचा टाका शिकत होत्या. मी यादी फाडून टाकली. जाताना ते म्हणाले, एवढा छान दिवस कधी गेला नव्हता, आणि आपण नक्की काय पाहिलं?

तेव्हा तुझ्या म्हणण्याप्रमाणे आता तीनच ठिकाणं. धंदा छान चाललाय. पाहुण्यांची रांग आहे म्हण ना.

जेवणाचं तेवढं जमत नाही. रविवारी पाहुण्यांना आपले रविवारचे चणे हवे असतात, पुस्तकात वाचून येतात. खानावळीत नेलं तर तो दुकानच्या बंद डब्यातले चणे गरम करून देतो. मी तोंड वर करून काय सांगणार?

अजून एक सांगतो. ईस्टरच्या आदल्या गुरुवारी सकाळी दार उघडलं, तर आपला उंबरा आणि पायऱ्यांच्या फटी पांढऱ्याशुभ्र, चुना अजून ओला. मी तर ब्रशही विकत आणला नव्हता. पंचायतीची माणसं चटपटीत आहेत हं इथली. पिरेयसला गटार तुंबलं तरी वर्ष लागायचं.

तुझा,
सीमोस

•

मेलबर्न
६ जून २००५

सीमोस बाळा,

पंचायतीला अक्कल आली म्हणायची. आमच्या वेळी त्यांनी स्वतःच्या कचेरीला चुना लावला नव्हता.

डब्यातले चणे? आपल्या बेटावर? अरे, त्या खानावळवाल्याचं तोंड काळं कर. घरी जेवू घाल. आता नीट वाच. कोठीच्या खोलीत तेलाच्या मोठ्या रांजणामागं माझ्या आईचं मडकं आहे, झाकणाचं. मी जाताना तिथं ठेवलं, ते तिथंच असणार. त्याच्या कानाला तांब्याच्या तारेचे तीन वेढे आहेत. ती आईची खूण. भट्टीत चाळीस मडकी असली तरी आपलं अंधारात हातानं ओळखू यायचं.

चणे शुक्रवारी भिजत घाल. शनिवारी संध्याकाळी मडक्यात चणे, कांदा, तमालपत्र, तेल आणि पावसाचं पाणी. विहिरीचं नको, त्यानं चणे चामड्यासारखे होतात. झाकण कणकेनं लिंपायचं आणि मडकं रात्रभर याकूमिसच्या पावाच्या भट्टीवर द्यायचं. म्हातारा याकूमिस मेला असेल, त्याचा मुलगा असेल बहुतेक. रविवारी चर्च सुटलं की घेऊन यायचं. झाकण घरीच, पाहुण्यांसमोर उघडायचं. तो वास रस्त्यावर वाया घालवायचा नाही.

याखेरीज त्यात काही घालायचं नाही. तुला शहाणपण सुचेल, ते गिळून टाक.

'रांग' कितीशी आहे ते आकड्यात लिही.

झांबेता आत्या

•

आर्तेमोनास
११ जुलै २००५

प्रिय आत्या,

मोठा घोटाळा झालाय आणि तो तूच निस्तरू शकतेस.

मडकं सापडलं, तू म्हणालीस तिथंच. धुतलं, दोन दिवस पाणी भरून ठेवलं, जराही गळालं नाही. शनिवारी सगळं तुझ्या शब्दाबरहुकूम केलं. म्हणजे जवळजवळ. रंग यावा म्हणून दोन गाजरं घातली. ओरडू नकोस, पुढं वाच.

काल बेल्जियमच्या दोन बहिणी पाहुण्या होत्या, दोघी सत्तरीच्या. दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. एकीचं म्हणणं दुसरीनं नकाशा उलटा धरलाय, दुसरीचं म्हणणं पहिलीनं जन्मभर तेच केलंय. चर्च सुटल्यावर मी भट्टीवर गेलो. बरीच मडकी लोकांनी नेली होती. कानाला तारेचे तीन वेढे दिसले, उचललं, घरी आलो. अंगणात अंजिराखाली टेबल मांडलं आणि सुरीनं कणीक फोडली.

आत्या, तो वास! दोघी बहिणींनी भांडण अर्धवट सोडून माना पुढं काढल्या. चणे लोण्यासारखे, प्रत्येक दाणा अख्खा, वर तेलाचा सोनेरी थर. धाकटीनं तीनदा घेतले. शेवटच्या डावासाठी दोघींची जुंपली आणि थोरलीनं तो गुपचूप धाकटीच्या ताटात लोटला. मीही बशी पुसून खाल्ली, आणि मग लक्षात आलं, यात गाजर कुठाय?

धावत भट्टीवर गेलो. याकूमिसचा मुलगा (यालाही याकूमिसच म्हणतात, आणि हाही सत्तरीचा आहे) पोट धरधरून हसला. म्हणाला, "अरे शहरी शहाण्या, साऱ्या टेकडीवर तारेचे तीन वेढे एकाच मडक्याला असतात, कालित्साच्या. चाळीस वर्षं बघतोय मी. तू हे दुसरं आणलंस कुठून?"

मी म्हटलं, "आजीचं आहे. कोठीत होतं."

त्याचं हसू मावळलं. मग म्हणाला, "म्हणजे कालित्सानं आईची खूण आपल्या मडक्याला बांधली होती तर. आणि काल दोन्ही शेजारी शेजारी होती. तिचा हात आपसूक जुन्याकडे गेला असेल. लहानपणी दर रविवारी तीच यायची ना न्यायला."

तर आता आजीचं मडकं कालित्सा आत्याकडे, गाजरांसकट, आणि तिचं माझ्याकडे, चाटूनपुसून साफ. तिनं माझे चणे खाल्ले की कोंबड्यांना घातले, देव जाणे. तिच्या दाराशी दोनदा जाऊन आलो, दार उघडत नाही. आपलं मडकंही परत धाडत नाही.

मला मडकं परत करायचंय. पण रिकामं भांडं परत करत नाहीत, एवढं पिरेयसलाही कळतं. ज्या घरातून ते जायचं ते घर तुझं आहे. त्यात काय घालू, ते तू सांग.

तुझा,
सीमोस

•

मेलबर्न
२३ जुलै २००५

सीमोस,

काही घालू नकोस. रिकामं तिच्या उंबऱ्यावर ठेव आणि मागं न बघता ये. आईचं मडकं तिनं ठेवून घेतलंय, बघितलंस? मिळेल ते पदरात पाडून घ्यायची सवय तिची आधीपासूनची.

गाजरं! मला तुझ्या बापाची कीव येते.

आकडा अजून लिहिला नाहीस. दंतवैद्याचं पुन्हा पत्र आलंय. अंजीर तोडून तिथं पोहण्याचा हौद करणार म्हणतो.

झांबेता

•

आर्तेमोनास
५ ऑगस्ट २००५

प्रिय झांबेता आत्या,

आकडा लिहितो. सात. एप्रिलपासून सात वेळा पाहुणे आले. रांग नव्हती, मी खोटं लिहिलं. त्यातले चार रविवारचे होते, आणि चांगला म्हणावा असा एकच, कालित्सा आत्याच्या चण्यांचा. त्या बेल्जियमच्या बहिणींनी घरी जाऊन कुणाकुणाला सांगितलं, म्हणून सप्टेंबरसाठी पाच जणांची विचारणा आलीय. सगळ्यांना 'ते चणे' हवेत. आता ते मी कुठून आणू?

मी मडकं रिकामं ठेवलं नाही. तुझा शब्द मोडतोय, पण ठेवणार नाही. या गावात कुणाच्या दारात रिकामं मडकं ठेवणं म्हणजे काय, हे तू मला नव्हे, मी तुला सांगावं अशी वेळ यावी याचं मला वाईट वाटतं.

आता दुसरं. काल याकूमिसकडे पाव आणायला गेलो होतो. पंचायतीच्या चुन्याचं मी सहज कौतुक केलं. त्यानं हातातला पाव खाली ठेवला. म्हणाला, "कुठली पंचायत? दरवर्षी ईस्टरच्या गुरुवारी पहाटे कालित्सा बादली घेऊन जाते. आधी तुमचा उंबरा, मग स्वतःचा. नवरा होता तेव्हा तो चिडायचा, की बंद घराला कशाला चुना. ती म्हणायची, आईच्या दाराला लोकांनी ओस म्हणू नये. गेल्या वर्षी तिचा गुडघा धरला होता, तर बसून बसून लावला."

एक्केचाळीस वर्षं, आत्या. मी हिशेब मांडला नाही, पण तू मांड.

'तिथं माझी वाट बघणारं कुणी नाही' असं तू लिहिलंस. मला वाटतं, तुला ठाऊक नव्हतं. आता आहे.

घराचं तुला योग्य वाटेल ते कर. सात हा काही पायावर उभं राहण्याचा आकडा नव्हे, ते मला कळतं. विकलंस तरी मी रडणार नाही, कबूल केलंय. पण तोवर हे मडकं माझ्या फळीवर राहील. तू सांगशील ते घालूनच परत जाईल.

तुझा,
सीमोस

•

मेलबर्न
२२ ऑगस्ट २००५

सीमोस बाळा,

तुझं पत्र आठ दिवस ओट्यावर पडून होतं. वाचलं, झाकून ठेवलं, परत वाचलं. शेजारीण म्हणाली, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही गं, कुणीतरी आहे.

आता मी खोटं काय लिहिलं ते सांगते. तू सांगितलंस, मग मीही सांगायला हवं.

बोलणं कालित्सानं टाकलं नाही. मी पहिलं पत्र लिहिलं नाही, एवढंच झालं. आपल्याकडे आईचं घर थोरल्या मुलीला जातं, हे तुला माहीत आहे. आईला तीन वर्षं अंथरुणावर कालित्सानं सांभाळलं. मी शिवणकाम करत होते आणि एका फोटोवरून ठरलेल्या नवऱ्याची वाट बघत होते. आई गेली, घर माझं झालं आणि माझं बोटीचं तिकीट आलं. धक्क्यावर कालित्सा मला पोचवायला आली. मिठी मारून झाली आणि तिनं हात पुढं केला. तोंडानं काही मागितलं नाही, नुसता हात केला. तिला वाटलं, मी किल्ली देईन. दुसरं काय वाटणार? तिला जायला जागाच कुठं होती?

मी तो हात हातात घेतला, दाबला आणि बोटीत चढले. किल्ली कोटाच्या खिशात होती. दोन वर्षांत परत येऊ, आल्यावर आपलं घर आपल्याला हवं, असा विचार केला मी. बावीस वर्षांची होते, पण ते काही कारण नव्हे. तीही एकोणीसचीच होती. मग तिचं लग्न झालं आणि ती सासूच्या घराखालच्या दोन खोल्यांत राहिली, आमच्या दारासमोरून रोज पाणी नेत. लिहायची लाज वाटली. पुढं लाजेचा ताठा झाला. ताठा सांभाळायला सोपा असतो रे, लाज नाही.

त्या तुझ्या बेल्जियमच्या बहिणी माझ्या डोक्यातून जात नाहीत. शेवटचा डाव थोरलीनं धाकटीच्या ताटात लोटला म्हणालास ना?

यासोबत एक छोटं पार्सल आहे. त्यात ती किल्ली आहे. तू कुलूप बदललंस, ती आता कुठलंच दार उघडणार नाही, ते मला कळतं. तरी ती मडक्यात घाल, झाकण लाव आणि कणकेनं लिंप. लिंपायला विसरू नकोस. उघडायला तिला सुरी आणावी लागू दे, तेवढा वेळ ती मडकं हातातून टाकणार नाही.

दंतवैद्याला नाही म्हणून लिहिलं. तुझ्या सातामुळे नव्हे, फुशारू नकोस. घराचं पुढं काय करायचं ते कागदावर लिहायचं आहे, आणि ते कालित्साला समोर बसवून लिहायचं आहे. ती बसली तर. नाही बसली तरी तू त्या घरात राहा.

तिनं काय केलं ते लगेच कळव. चांगलं असो वा वाईट, जसंच्या तसं.

तुझी,
झांबेता आत्या

•

आर्तेमोनास
१४ सप्टेंबर २००५

प्रिय आत्या,

तू जसंच्या तसं म्हणालीस, म्हणून मी काहीच लिहीत नाही. सोबत तिचंच पत्र घातलंय. तिनं ते माझ्या अंगणात बसून लिहिलं आणि वाचायचं नाही म्हणून बजावलंय. मी वाचलेलं नाही, फक्त तिच्या पुटपुटण्यातून जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं. जवळजवळ सगळंच ऐकू आलं.

आणि आता बंदरावरची पाटी बदलायची म्हणते. 'सीमोसबरोबर आरामात' यातला सीमोस जेवणात कशाला, असा तिचा सवाल आहे.

तुझा,
सीमोस

•

झांबेता,

मडकं मिळालं. पोरगा दाराशी ठेवून पळाला. उचललं तर आत काहीतरी खडखडलं. मला वाटलं, आता यानं चण्यांत दगड घातले.

किल्ली बघून मी खूप वेळ ओट्याशी उभी राहिले. रडले, लपवून काय करू. मग मला तुझा राग आला. एक्केचाळीस वर्षांनी किल्ली दिलीस, तीही न लागणारी! तू लहानपणीही अशीच होतीस, बदाम स्वतः खायचीस आणि मला टरफल द्यायचीस.

मी धक्क्यावर हात पुढं केला होता तो किल्लीसाठीच. तू सीमोसला ते लिहिलंस, हे त्यानं सांगितलं. बरं केलंस. इतकी वर्षं मला वाटायचं, तुला कळलंच नव्हतं. कळूनही दिली नाहीस हे वाईट आहे, पण न कळण्यापेक्षा बरं. निदान माझी बहीण मठ्ठ नव्हती.

मग मी तुझ्या घरी गेले. सीमोसनं पाच परक्या माणसांना अंजिराखाली बसवलं होतं आणि तो त्यांना डब्यातले चणे वाढत होता. डब्यातले! आईच्या अंगणात! मला राहवलं नाही. आत शिरले, त्याच्या हातातून डाव घेतला आणि माझ्या घरून तव्यावरची अंडी, केपरची चटणी आणि चीज आणवलं. उंबरा ओलांडला हे मला आत पोचल्यावर कळलं. वाटलं होतं, त्या घरात पाऊल टाकलं तर मी कोसळेन. पण चुलीवर एवढं जळमट होतं की मी आधी झाडू मागितला.

पाहुणे चांगले आहेत. खातात नीट आणि बोलतात कमी. पोरगाही वाईट नाही, आपल्या भावासारखा चालतो, एक खांदा पुढं काढून. पण गाजरं घालतो, झांबेता. आईच्या मडक्यात गाजरं. त्या रविवारी मी झाकण काढलं आणि वर केशरी तुकडे तरंगताना बघून मला वाटलं, मी आंधळी झाले की माझं डोकं फिरलं. तेव्हा कुठं मडक्याचा कान चाचपून पाहिला. माझी तार नवी, कडक आहे. ही जुनी आणि झिजलेली होती. मग मला कळलं, मी कुणाचं मडकं घरी आणलंय. ते चणे मी सगळे खाल्ले. गाजरंसुद्धा.

घर मला नको. या वयात दोन घरांना चुना लावायचा? एक गुडघा तर आधीच गेलाय. पोरगा राहू दे तिथं. रविवारचं जेवण मी बघेन, त्यानं फक्त माणसं आणायची आणि चुलीपासून लांब राहायचं. कागदावर काही लिहायचं असेल तर ये आणि लिही. पत्रानं नको. तुझं अक्षर मला कधीच लागलं नाही.

तुझी किल्ली आईच्या दारामागच्या खिळ्याला अडकवलीय. तिथं तिची जागा होती.

आता राहिलं आईचं मडकं. ते माझ्याकडे आहे आणि मी ते परत देणार आहे. पण रिकामं देणार नाही. त्यात जे घालायचं ते शुक्रवारी भिजत घालावं लागतं आणि रविवारीच खावं लागतं, त्याला टपालाचा उपयोग नाही.

कुठल्या शुक्रवारी भिजत घालू, तेवढं कळव.

कालित्सा